रेडिओवरचा 'तू'

शारजा
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

प्रिय अक्का,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मला दोन वाक्यं बोलू देत नाहीस आणि ही बातमी मला सविस्तर सांगायची आहे. तेव्हा चष्मा लाव, टॅब डब्याला टेकवून उभा कर आणि निवांत बस.

तुझा भाऊ रेडिओवर लागला. म्हणजे मी नव्हे, माझं गाणं. 'थांबलास तू'. आपल्या उपासनेतलं, हार्मोनियमवरचं, तेच.

मंगळवारी ऑफिसातून घरी येत होतो. दुबई-शारजा रस्त्यावर रोज अडकतो तसाच अडकलो होतो. पुढची गाडी हलेना, म्हणून इथल्या हिंदी एफएमवर ट्रॅफिकची बातमी लावली. बातमी झाली, मोबाईलच्या ऑफरची जाहिरात झाली आणि एकदम आपली उर्वी गायला लागली:

दार मी उघडले उशिरा,
तरी उभा तू पायरीशी...

अक्का, पन्नाशीच्या माणसानं स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडू नये. पण रडलो. मग शेजारच्या गाडीची काच ठोकून खाली करायला लावली आणि त्या ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "भाई, ये मेरा गाना है!" त्याला वाटलं मी पुढे घुसायला जागा मागतोय. त्यानं हात केला, "यल्ला, यल्ला," आणि मला लेन दिली. सत्तावीस वर्षांत या रस्त्यावर मला कोणी लेन दिली नव्हती. कवितेचा एवढा तरी उपयोग.

हे घडलं असं. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर रत्नागिरीच्या मरियमबी राहतात. त्यांचा अक्रम सिलिकॉन ओएसिसला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्यानं आपल्या कपड्यांच्या कपाटात गाद्या लावून स्टुडिओ केलाय. उर्वीनं सुट्टीत तिथं बसून हे गाणं रेकॉर्ड केलं. हार्मोनियम काढून टाकली आणि मागे काहीतरी ठोकठोक घातली. मी तक्रार केली तर म्हणाली, "डॅड, प्लीज. ट्रस्ट मी." ते दोघांनी नेटवर टाकलं, पोरापोरींनी त्यावर व्हिडिओ केले आणि आता ते संध्याकाळी फिल्मी गाण्यांच्या मधोमध वाजतंय.

एकच गालबोट. शेवटचं कडवं त्यांनी कापलं. 'हे येशूराया, तारणदात्या, कृपासागरा, तुज वंदन हे' ते. अक्रम म्हणाला, "अंकल, वो पार्ट थोडा अलग लगता है. जैसे किसी और ने लिखा हो." मी म्हटलं, बेटा, कवीची उंची प्रत्येक कडव्यात सारखी नसते.

पुढच्या आठवड्यात रेडिओवर माझी मुलाखत आहे. आरजे अस्मी म्हणून मुलगी आहे, ती घेणार. शालिनीनं तीन शर्ट इस्त्री केले. रेडिओवर शर्ट दिसत नाही, हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं.

तुझा,
भानू


मिरज
१२ नोव्हेंबर

चि. भानूस अक्काचा आशीर्वाद.

पत्र वाचलं. एका बोटानं टाइप करते, म्हणून थोडक्यात.

उर्वीचं गाणं शेजारच्या सुनेनं लावून दिलं. पोर गोड गाते. ती ठोकठोक मला आवडली. शेवटचं कडवं नाही, त्यानं गाण्याचं काही अडलेलं दिसत नाही.

मुलाखतीत काय सांगणार आहेस? "हे कसं सुचलं" असं विचारतीलच. विचार करून ठेव. तुला ऐन वेळी सुचतं ते सहसा बरं नसतं.

शालिनीचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते तू लिहिलं नाहीस. स्वतःच्या रडण्यावर मात्र दोन ओळी लिहिल्यास.

अक्का


शारजा
रविवार, २४ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

सलाम. शालिनीचा गुडघा बरा आहे. हे पहिल्याच ओळीत लिहायला तिनंच सांगितलं.

मुलाखत झाली. लिंक पाठवली आहे. ऐकण्याआधी एवढंच सांगतो, की थोडी सजावट झाली. अस्मीनं विचारलं, "सर, ये गाना कब सूझा?" मी मिरजेचं सांगणार होतो, खरंच. पण समोर माईक, लाल दिवा, काचेपलीकडे उर्वी. तोंड आपोआप म्हणालं, "शारजा की ट्रॅफिक में. सब रुके हुए थे. मैंने सोचा, कोई तो है जो मेरे लिए रुका है." अस्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता डोळ्यांत पाणी आल्यावर माणूस मागे कसा फिरणार? मी आणखी पुढे गेलो. पार्किंगच्या पावतीच्या मागे पहिली ओळ लिहिली, असंही सांगितलं.

आता संकट. दुबई मरीनाला एका बोटीवर एका मुलानं गुडघ्यावर बसून मुलीला मागणी घातली आणि मागे आपलं गाणं लावलं. मुलगी हो म्हणाली. त्याचा व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला, आणि त्यांत दुर्दैवानं इथल्या चर्चच्या मंडळीची पंचकमिटीही होती. पाळकसाहेबांनी मला हॉलच्या मागच्या खोलीत बोलावलं. "आवळे, हे भक्तिगीत आहे की प्रेमगीत?"

मी म्हटलं, "साहेब, शंभर टक्के भक्तिगीत. प्रभू दाराशी उभा आहे, आपणच उशिरा उघडतो, हा त्याचा अर्थ."

"मग त्यात प्रभूचं नाव कुठं आहे?"

"शेवटच्या कडव्यात होतं. ते रेडिओनं कापलं."

"म्हणजे तुम्ही रेडिओसाठी प्रभूला कापलंत."

निर्णय होईपर्यंत उपासनेत ते गाणं बंद केलंय. तीस वर्षांत पहिल्यांदा. गेल्या रविवारी मी पुढे उभा राहून दुसरंच काही म्हणत होतो, आणि सगळी मंडळी माझ्याकडे बोटीवरून पडलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होती.

म्हणून एक काम कर. तू इथल्या पाळकसाहेबांना पत्र लिही. मी ते गाणं तिकडे मिरजेतच पहिल्यांदा म्हटलं, तू तेव्हा होतीस, आणि ते देवासाठीच लिहिलं होतं हे तुला पक्कं ठाऊक आहे, एवढंच. तुझा शब्द ते मानतील. नर्सबाईंचा शब्द सगळे मानतात.

तुझा,
भानू


मिरज
३ डिसेंबर

चि. भानूस आशीर्वाद.

मुलाखत दोनदा ऐकली. एक शंका आहे. ते गाणं तू पहिल्यांदा चौऱ्याण्णवच्या नाताळात तरुण संघाच्या कार्यक्रमात म्हटलंस. तू गल्फला गेलास सत्त्याण्णव साली. मग शारजाच्या ट्रॅफिकमध्ये तू तीन वर्षं आधीच जाऊन अडकला होतास का?

पाळकसाहेबांना पत्र लिहिणार नाही. खोटी साक्ष होईल.

भानू, ती कविता तू माझ्या निळ्या वहीतून उतरवून घेतलीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. शेवटचं कडवं तेवढं तुझं. तू स्टेजवर गिटार घेऊन उभा होतास आणि "हे मी लिहिलंय" म्हणालास. मी तिसऱ्या रांगेत होते. उठून "माझं आहे" म्हटलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, कोणासाठी लिहिलंस? त्यापेक्षा तू चोर झालास ते मला सोयीचं होतं.

ती देवासाठी नव्हती. रेडिओवाल्यांना बरोबर कळलं, आणि त्या बोटीवरच्या मुलालाही.

मिशन हॉस्पिटलच्या लॅबमधला आमोस तुला आठवत असेल. तू त्याला आमोसदादा म्हणायचास. आपले वडील वारले तेव्हा तू पंधरा वर्षांचा, आईला दम्याचा त्रास, आणि कमावती मी एकटी. आमोसनं लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, भानूचा डिप्लोमा होऊ दे. तो म्हणाला, थांबतो. आणि थांबला. चार वर्षं माझी ड्यूटी सुटायच्या वेळी तो फाटकाच्या पायरीशी उभा असायचा. काही बोलायचा नाही. सायकल धरून घरापर्यंत चालत यायचा आणि परत जायचा.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये तुझा निकाल लागला. त्या रात्रपाळीत मी ती कविता लिहिली. होकार म्हणून त्याच्या हातात द्यायची होती. सकाळी लॅबमध्ये गेले तर पेढे वाटणं चाललं होतं. मे महिन्यात त्याच्या घरच्यांनी त्याचं ठरवलं होतं. चार वर्षं पुष्कळ झाली. मी त्याला दोष देत नाही, तूही देऊ नकोस. कवितेत तो पायरीशी उभा आहे. मी दार उघडलं तेव्हा नव्हता. मी पेढा खाल्ला आणि वही घरी आणली.

पुढे तुझं गाणं मंडळीच्या पुस्तकात छापून आलं. आमोस क्वायरमध्ये टेनर होता. सव्वीस वर्षं तो माझ्यासमोर उभा राहून ते म्हणत आला, तुझं म्हणून, देवाचं म्हणून. त्याला कधीच कळलं नाही. दोन हजार एकवीसमध्ये तो गेला. म्हणून आज लिहिते. नाहीतर हेही लिहिलं नसतं.

माझं नाव घ्यायचं तर घे, नको तर नको. मला त्यानं फरक पडत नाही. आमोसचं नाव मात्र कुठे येता कामा नये. त्याची बायको भली बाई आहे.

तुझ्यावर राग नाही.

अक्का


शारजा
रविवार, २२ डिसेंबर

प्रिय अक्का,

सलाम.

एकोणीस दिवस पत्र लिहिलं नाही. सात वेळा बसलो. प्रत्येक वेळी पहिली ओळ छान सुचायची, आणि छान सुचली की मला तिची भीती वाटायची.

खरं सांगतो. ती कविता तुझी आहे हे मला माहीत होतं, पण तू ती देवासाठी लिहिलीस असं मला वाटलं होतं. आणि देवाच्या गोष्टी सगळ्यांच्याच असतात, असं स्वतःला समजावलं. मग एखादी गोष्ट तीस वर्षं वापरली की ती आपलीच होते, आमच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगसारखी. गेली काही वर्षं तर मला ती मीच लिहिल्याचं आठवत होतं. हाताला शाई लागलेली आठवत होती.

शालिनीला सगळं सांगितलं. आमोसदादाचं नाव नाही सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला शंका होतीच. सत्तावीस वर्षांत तुम्ही मला एक ओळ लिहिली नाहीत. लिहिलीत ती वाण्याची यादी, आणि तिच्यातही कोथिंबीर दोनदा." मग थोड्या वेळानं म्हणाली, "अक्कांनी बोलू दिलं ना तुम्हाला तीस वर्षं? आता एकदा त्यांच्यासाठी बोला."

शुक्रवारी मरीनाला रेडिओवाल्यांचा वर्षअखेरचा कार्यक्रम होता. सूट भाड्यानं आणला, साडेतीनशे दिरहॅम, म्हणजे आठ हजार रुपये. शिवलेला असता तर निदान मापाचा असता. दोन तास ट्रॅफिकमध्ये बसलो. या वेळी एकही ओळ सुचली नाही. पोचलो तेव्हा उर्वीचं गाऊन झालं होतं आणि अस्मी स्टेजवरून म्हणत होती, "और अब इस गाने के लिरिसिस्ट!"

मी माईक घेतला. म्हटलं, "लिरिसिस्ट मैं नहीं हूँ. ये शब्द मेरी बड़ी बहन के हैं. एस्तेर शांतवन आवळे, मिरज. वो नर्स थी. मैंने उनकी कॉपी से चुराए."

अस्मी बिचारी हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "पर सर, वो ट्रॅफिकवाली स्टोरी?"

"वो झूठ थी. ट्रॅफिक सच था."

लोक हसले. मग पुढच्या रांगेतून कोणी तरी ओरडलं, "किसके लिए लिखा था?" अक्का, त्या क्षणी मला पुन्हा काहीतरी छान सुचत होतं. ते गिळलं. म्हटलं, "तीस साल मैंने पूछा नहीं. अब पूछने का मेरा हक नहीं." आणि खाली उतरलो. उतरताना पँट बुटात अडकली आणि मी अक्रमच्या अंगावर पडलो. तेही व्हिडिओत आहे. तो दोन लाखांच्या पुढे गेलाय.

घरी येताना गाडीत उर्वी म्हणाली, "डॅड, दॅट वॉज एम्बॅरसिंग." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "गुड एम्बॅरसिंग." आता नेटवर गाण्याखाली तिनं तुझं नाव घातलंय. रेडिओवरही तुझंच नाव सांगतात. उच्चार चुकवतात, मी रोज फोन करून दुरुस्त करतो.

पाळकसाहेबांचा काल फोन आला. म्हणाले, "गाणं पुन्हा सुरू करू. शब्द चांगले आहेत, ज्याला जे दार उघडायचं ते तो उघडेल. तुम्ही मात्र सहा महिने पुढे उभं राहू नका." म्हणून आज मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. तिथं एसीचा गार झोत थेट टाळूवर येतो. त्या हॉलचं डक्टिंग मीच डिझाइन केलंय.

आता जे लिहायला एकोणीस दिवस लागले ते. डिप्लोमा तीन वर्षांचा होता. मला चार लागली. दुसऱ्या वर्षी मी नापास झालो. पेपर अवघड होता म्हणून नव्हे. ते वर्षभर मी गिटार वाजवत हिंडलो. पास झालो असतो तर माझा निकाल त्र्याण्णवच्या जूनमध्ये लागला असता. तेव्हा आमोसदादा पायरीशी होता ना? हो की नाही एवढंच लिही. सबब सांगायला माझ्याकडे काही नाही.

भानू


मिरज
३० डिसेंबर

चि. भानूस आशीर्वाद.

हो. होता.

विचारलंस म्हणून लिहिलं. आता हा प्रश्न पुन्हा विचारू नकोस, मलाही आणि स्वतःलाही. तुझा नापासाचा निकाल पाहिला तेव्हा मी तुला काही बोलले नाही, पण त्या रात्री गिटार विहिरीत टाकायला म्हणून बाहेर काढली होती. टाकली नाही. का, ते आठवत नाही. कदाचित विहीर लांब होती. ती टाकली असती तर त्या वहीला कोणी चाल लावली नसती आणि ती ट्रंकेत कसरीनं खाल्ली असती. मी एवढाच हिशेब मांडला आहे आणि तो मला पुरतो.

तुझ्या पडण्याचा व्हिडिओ शेजारच्या सुनेनं दाखवला. सूट फारच मोठा होता. हॉस्पिटलमधल्या जुन्या नर्सांपैकी चौघी घरी येऊन गेल्या. "अक्का, तुम्ही गीतकार?" म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, एकदाच. चहा करून दिला.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. आमच्या चर्चमध्ये ते गाणं लागलं की मी उभी राहायची, पण तोंड उघडायची नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. लोकांना वाटायचं, अक्काला ही चाल झेपत नाही.

काल नाताळानंतरचा रविवार होता. गाणं लागलं. आमोसची बायको माझ्या शेजारी होती, तिनं पुस्तक माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं. कोणाला उद्देशून म्हटलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. आमोस डोळ्यांपुढे होता, आपले वडील होते, आणि दाराशी उभा राहणारा तो दुसराही असेल. गर्दी होती एकूण.

गाणं संपल्यावर आमोसच्या बायकोनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला काय कळलं, काय नाही, देव जाणे. पुस्तक मिटून एवढंच म्हणाली, "अक्का, तुमचा आवाज किती छान लागला हो. कधी ऐकलाच नव्हता."

मी म्हटलं, "हो बाई. मीसुद्धा."

अक्का